शिळे विरजण, ताजे विरजण : सावरडोपासून केक आणि गोड रोल

घरी सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या विरजणाने (स्टार्टरने) फुगवलेला ब्रेड करणाऱ्यांच्या फ्रिजमध्ये एक बरणी न मागता भरत जाते. मूळ स्टार्टरला नवे पीठ आणि पाणी घालण्यापूर्वी त्यातला बराचसा भाग काढून ठेवावा लागतो, आणि चांगले पीठ टाकून देणे जिवावर येते. त्या बरणीतून उत्तम केक होतो. मूळ बरणीतल्या ताज्या, फसफसत्या स्टार्टरपासून दालचिनीचे मऊ रोलही होतात. मात्र या दोन पदार्थांत स्टार्टर दोन निरनिराळी कामे करतो, आणि गोड पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा या कामांची गल्लत झाल्यामुळे.

सावरडो स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी यांचे जिवंत विरजण. दह्याच्या विरजणात मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. पिठाच्या विरजणात तसेच जिवाणू आणि त्यांच्या जोडीला रानटी यीस्ट असते. जिवाणू आंबटपणा देतात, यीस्ट वायू तयार करून पीठ फुगवते. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. जिलेबीचे पीठ आंबवूनच केले जाते, आणि गोव्यात पूर्वी पाव फुगवण्यासाठी माडाची सूर वापरत असत. म्हणून या लेखात स्टार्टरला विरजणच म्हटले आहे.

विरजण नव्याने लावायचे असेल, तर काचेच्या बरणीत ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी कालवून ठेवावे. त्यानंतर रोज त्यातले ५० ग्रॅम ठेवून त्यात पुन्हा तितकीच कणीक आणि तितकेच पाणी घालावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जोरात फुगते आणि मग दोन-तीन दिवस एकदम थंड पडते. हे पहिले फुगणे यीस्टचे नसून इतर जिवाणूंचे असते, त्यामुळे नंतरच्या शांततेला घाबरून बरणी रिकामी करू नये. साधारण सात ते दहा दिवसांत विरजण नेमाने दुप्पट होऊ लागते. बरणीला बाहेरून रबरबँड लावून ठेवले, की ते किती चढले ते एका नजरेत कळते. गुलाबी किंवा नारिंगी रेघ अथवा बुरशी दिसली, तर मात्र सगळे टाकून द्यावे. वरवरचे काढून उरलेले वापरू नये. वर साचलेले करड्या रंगाचे पाणी हे केवळ भुकेचे लक्षण आहे, ते ढवळून घ्यावे किंवा ओतून टाकावे.

शिळ्या विरजणाचा केक

फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेल्या विरजणातली यीस्ट थकलेली असते, पण आम्ल भरपूर साठलेले असते. केकमध्ये आपल्याला हवे असते ते हे आम्लच. खाण्याचा सोडा आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुलतो. दही किंवा ताक घालून केलेल्या बिनअंड्याच्या केकमध्ये जे घडते, तेच येथे घडते. म्हणून ज्या कृतीत दही, ताक किंवा व्हिनेगर आहे, ती कृती शिळ्या विरजणासाठी सर्वांत सोयीची. हिशेब सोपा आहे. समप्रमाणात लावलेल्या १०० ग्रॅम विरजणात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी असते, तेव्हा मूळ कृतीतले पीठ ५० ग्रॅमने आणि दही-दूध ५० ग्रॅमने कमी करावे.

सुरुवातीला केळे-गुळाचा केक करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात थोडाफार आंबटपणा राहिला तरी तो चवीला बाधत नाही. त्यासाठी १५० ग्रॅम शिळे विरजण, १५० ग्रॅम कणीक, सालीवर काळे ठिपके आलेली तीन मोठी केळी, १२० ग्रॅम चिरलेला गूळ, ८० ग्रॅम पातळ केलेले तूप, एक अंडे किंवा त्याऐवजी ६० ग्रॅम दही, पाऊण छोटा चमचा सोडा, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, थोडे जायफळ आणि मूठभर अक्रोड घ्यावेत. चमचा नेहमी सपाट भरावा, सोड्याचा तर विशेषच.

विरजण तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेवावे. गार विरजणात पातळ तूप ओतले, तर तूप लगेच थिजते आणि त्याचे बारीक कण मिश्रणभर पसरतात. गूळ दोन-तीन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण चांगल्या गुळातही कधीकधी बारीक खडा किंवा चिपाडाचा तुकडा निघतो; मग तो पूर्ण कोमट होऊ द्यावा.

आता एका मोठ्या भांड्यात फक्त विरजण आणि गुळाचे पाणी घेऊन हाताच्या रवीने घुसळावे. ही पायरी अनेकजण गाळतात. शिळे विरजण चिकट आणि तारदार असते. ते चमच्याबरोबर एका गोळ्यात वर येते आणि तशाच अवस्थेत पिठात घातले, तर कापलेल्या केकमध्ये पांढुरक्या, रबरासारख्या रेघा दिसतात. घुसळताना आधी दोरे तुटत जातात, मग मिश्रण बासुंदीसारखे एकजीव होते. त्यानंतर कुस्करलेली केळी, तूप आणि अंडे किंवा दही घालावे.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १७० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा आणि साधारण साडेआठ इंच लांबीच्या लोफ टिनला बटर पेपर लावून ठेवावा. हे दोन्ही तयार झाल्यावरच कणीक, सोडा, मीठ, जायफळ आणि वेलदोडापूड एकत्र चाळून मिश्रणात घालावी. सोडा आत पडताच मिश्रण हलके होऊ लागते आणि कडेने बारीक बुडबुडे फुटल्याचा मंद आवाज कान जवळ नेल्यास ऐकू येतो. हा वायू कोणासाठी थांबत नाही. एकदा मी रात्रीच सोड्यासह सगळे कालवून मिश्रण फ्रिजमध्ये ठेवले होते. सकाळी भाजलेला केक दोन बोटे उंचीचा, वडीसारखा घट्ट निघाला. मिश्रण रात्रभर मुरवायचे असेल, तर सोड्याशिवाय मुरवावे आणि सोडा सकाळी चाळून घालावा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की ढवळणे थांबवून अक्रोड मिसळावेत आणि मिश्रण लगेच टिनमध्ये ओतावे.

केक मधल्या किंवा त्याखालच्या जाळीवर ५० ते ६० मिनिटे भाजावा. गुळामुळे वरचा भाग लवकर काळपट होतो, म्हणून अर्ध्या तासानंतर वरून अल्युमिनियम फॉइल सैलसर झाकावी. मधोमध खुपसलेली विणायची सुई कोरडी बाहेर आली की केक झाला. चवीवरून सोड्याची पारख करता येते: साबणासारखी चव लागली किंवा पिवळट डाग दिसले, तर सोडा जास्त झाला, केक फिका, जड आणि आंबट लागला, तर पुढच्या वेळी चिमूटभर वाढवावा. विरजण दोन दिवसांचे आहे की पंधरा दिवसांचे, यावर त्याचा आंबटपणा ठरतो, त्यामुळे एवढा फेरफार आपापल्या बरणीनुसार करावाच लागतो. केक त्याच दिवशी कापण्याची घाई करू नये. दुसऱ्या दिवशी तो अधिक ओलसर लागतो आणि वेलदोडा खुलून येतो.

याच पद्धतीने चॉकलेट केकही होतो. १५० ग्रॅम विरजण, १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, १५० ग्रॅम साखर, १६० मिलिलीटर दूध, ८० ग्रॅम तेल आणि पाऊण चमचा सोडा एवढे प्रमाण पुरते.

ताज्या विरजणाचे रोल

दालचिनीच्या रोलमध्ये सोडा नसतो. फुगवण्याचे सारे ओझे यीस्टवर पडते, आणि साखर यीस्टच्या कामात अडथळा आणते. मुरांबा वर्षभर का टिकतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यामागचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही: भरपूर साखर सूक्ष्मजीवांच्या पेशीतले पाणी ओढून घेते. मी पहिल्यांदा रोल केले तेव्हा ४०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम साखर घातली होती आणि बारा तासांनंतरही गोळा जसाच्या तसा बसून होता. विरजण मेले असे समजून मी तो टाकला. खरे तर विरजण ठणठणीत होते, त्याच्यावर साखरेचा भार एकदम पडला होता.

यावरचा उपाय म्हणजे विरजणाला गोडाची सवय लावणे. मिलानच्या पानेत्तोने या नाताळच्या केकसाठी विरजण पातळ न ठेवता घट्ट गोळ्यासारखे ठेवतात, कारण घट्ट विरजण पातळाच्या मानाने कमी आंबट राहते. इटलीने २००५ मध्ये केलेल्या नियमानुसार पानेत्तोने म्हणून विकायच्या पदार्थाला नैसर्गिक विरजणाने फुगवावे लागते आणि त्यात किमान १६ टक्के लोण्याचा स्निग्धांश असावा लागतो. इतके लोणी, साखर आणि बेदाणे विरजण उचलू शकते, तर आपले रोल त्यामानाने हलकेच आहेत.

रोल करण्यापूर्वी फ्रिजमधले विरजण बाहेर काढून त्याला लागोपाठ दोनदा पीठ-पाणी द्यावे. ते दुप्पट फुगून शिखरावर असताना त्यातले ३० ग्रॅम घ्यावे आणि ६० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम पाणी व १५ ग्रॅम साखर घालून घट्ट गोळा मळावा. मुंबईच्या ३० अंशांच्या हवेत हा गोळा पाच-सहा तासांत दुप्पट होतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागू शकतो. घड्याळापेक्षा गोळ्याकडे पाहावे. तो वर घुमटासारखा असतो आणि वास गोडसर, पिकल्या फळासारखा येतो, तेव्हा तो तयार असतो. मधोमध बसला आणि व्हिनेगरसारखा वास आला, तर वेळ टळून गेली असे समजावे.

मुख्य कणकेसाठी हा सगळा गोळा तुकडे करून २०० ग्रॅम उकळून गार केलेल्या दुधात कुस्करावा. त्यात ३५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर आणि ६ ग्रॅम मीठ घालावे. दुकानातले बहुतेक लोणी खारे असते. ते वापरल्यास मीठ ४ ग्रॅमवर आणावे. आधी लोण्याशिवाय दहा मिनिटे मळावे आणि मगच ६० ग्रॅम लोणी थोडेथोडे करून जिरवावे. लोणी आधीच घातले, तर मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, नीट बांधले जात नाही. लोणी घालताच कणीक फाटल्यासारखी, चिखलासारखी होते आणि सगळे बिघडले असे वाटते. तेथे वरून मैदा घालण्याचा मोह टाळून पाच मिनिटे मळत राहावे, ती पुन्हा सांधली जाते. छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणला असता न फाटता झिरझिरीत पडदा झाला, की मळणे पुरे. मे महिन्यात दूध आणि लोणी दोन्ही थंडगार घ्यावीत. नाहीतर लोणी कणकेत मिसळण्याऐवजी वितळून बाहेर येते.

झाकलेले भांडे चार तास बाहेर ठेवावे. कणीक दीडपट झाली की ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी लोणी घट्ट झालेले असल्यामुळे लाटणे फार सोपे जाते. सुमारे ४० बाय ३० सेंटीमीटरची पोळी लाटावी, तिच्यावर ५० ग्रॅम मऊ लोणी पसरावे आणि ८० ग्रॅम गूळपावडर व दीड मोठा चमचा दालचिनीपूड भुरभुरावी. दालचिनीऐवजी वेलदोडा घातला, तर मला तो अधिक आवडतो. स्वीडनमध्ये ४ ऑक्टोबर हा दालचिनीच्या रोलचा दिवस म्हणून १९९९ पासून साजरा होतो, आणि तेथील बेकऱ्यांत वेलदोड्याचे रोलही तितक्याच आवडीने खाल्ले जातात.

पोळीची लांब बाजूकडून घट्ट गुंडाळी करावी. सुरीने कापल्यास गुंडाळी दबते, म्हणून तिच्याखालून शिवणाचा दोरा सरकवून, वर फुली करून ओढावा. असे नऊ तुकडे लोणी लावलेल्या नऊ इंची चौकोनी टिनमध्ये थोडी जागा सोडून मांडावेत आणि तीन-चार तास फुगू द्यावेत. येथे घाई नडते. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा झटकन भरून आला तर अजून थांबावे. तो हळूहळू आणि अर्धवट भरून आला, की रोल भाजायला घ्यावेत. १८० अंशांवर २५ ते २८ मिनिटांत ते सोनेरी होतात.

वरून लावायला परदेशी क्रीम चीज आणण्याची गरज नाही. १०० ग्रॅम ताजा चक्का ४० ग्रॅम पिठीसाखरेबरोबर फेटून रोल कोमट असताना लावावा. रोल कडकडीत असताना लावला, तर चक्का फुटून पाणी सुटते. विरजणाची किंचित आंबट चव आणि चक्क्याचा आंबटपणा एकमेकांना धरून असतात, म्हणून हा थर पातळच ठेवावा. उरलेले रोल चक्का न लावता डब्यात भरावेत. ते दोन दिवस मऊ राहतात आणि झाकण ठेवून मंद तव्यावर गरम केले, की आतला गूळ पुन्हा ओला होतो.