‘बिग’ अनुदानाचा अर्ज: आधी एकच प्रश्न पक्का करा

वैद्यकीय उपकरणाची कल्पना आहे, पण ती चालते हे सिद्ध करायला पैसे नाहीत, अशांसाठी बायरॅकची ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) योजना आहे. बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, २०१२ साली स्थापन झालेली संस्था. अनुदान ५० लाखांपर्यंत, मुदत १८ महिने. हे कर्ज नव्हे, आणि बदल्यात कंपनीतला हिस्साही मागत नाहीत. अर्ज सहसा १ जानेवारीला आणि १ जुलैला खुले होतात आणि दीडेक महिना घेतले जातात. तयारी मात्र तीन महिने आधी सुरू करा.

हे पैसे उत्पादन बाजारात आणायला नसतात, एका शंकेचं उत्तर शोधायला असतात. ती शंका आकड्यात मांडा. समजा, तुम्ही बाळाच्या कपाळावर प्रकाश टाकून कावीळ मोजणारं यंत्र करताय. ‘अचूक यंत्र विकसित करू’ हे वाक्य कुणालाच तपासता येत नाही. ‘५० नवजात बाळांत आमचं माप रक्तातल्या बिलिरुबिनच्या (कावीळ आणणारा पिवळा घटक) २ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या आत येतं का?’ हे तपासता येतं. मग पुढचा खोचक प्रश्न परीक्षकांच्या आधी स्वतःच विचारा: फोटोथेरपीखाली, म्हणजे कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली, ठेवलेल्या बाळाचं काय? त्या निळ्या प्रकाशाने त्वचेतली पिवळी झाक रक्तातल्या बिलिरुबिनपेक्षा लवकर उतरते, त्यामुळे यंत्र कमी आकडा दाखवतं आणि बाळ बरं झालंय असं वाटतं. ही बाळं चाचणीतून वगळणार की डोळ्यांवर बांधतात तशा पट्टीने कपाळाचा एक भाग झाकून त्या झाकलेल्या त्वचेवर माप घेणार, हे प्रस्तावातच लिहा. अशा दोन ओळींवरून विषय कळलेला माणूस ओळखू येतो.

पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता ठरवलेला टप्पा गाठल्यावरच मिळतो. म्हणून एथिक्स कमिटीच्या (माणसांवरच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीच्या) मंजुरीवर पहिला टप्पा टांगू नका. ती किती वेळ घेईल हे तुमच्या हातात नसतं. पहिल्या सहा महिन्यांत प्रोटोटाइप (यंत्राचा पहिला नमुना) आणि प्रयोगशाळेतली मोजमापं ठेवा, मंजुरीची कागदपत्रं समांतर चालू द्या. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं संमतीपत्र अर्जाआधीच घ्या.

पेटंटबाबत एक चूक महागात पडते: स्पर्धेत किंवा परिषदेत कल्पना उघड केली की पेटंटसाठी लागणारं नावीन्य सहसा गेलंच. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

चाचणीपुरती यंत्रं बनवायलाही परवाना लागतो. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार एमडी-१२ अर्ज भरायचा, परवाना एमडी-१३ मध्ये येतो. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर ‘बिग’चं भागीदार आहे. मसुदा तिथे दाखवायचा असेल तर मुदतीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. तोवर सुधारायला वेळच उरत नाही.