सीडीसीवर (महाविद्यालय विकास समितीवर) निवडून आलात? विषय ठरावापर्यंत न्यायचा कसा

पहिल्या मीटिंगला जायच्या आधी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधलं कलम 97 तेवढं वाचून घ्या. जुनी स्थानिक व्यवस्थापन समिती जाऊन ही महाविद्यालय विकास समिती आली ती याच कायद्यामुळे. संलग्न कॉलेजात संस्थेचे अध्यक्ष (किंवा त्यांनी नेमलेला माणूस) समितीचे अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव, मग संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, चार स्थानिक सदस्य, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव, आणि निवडून आलेले म्हणाल तर तीन शिक्षक नि एक शिक्षकेतर. बेरीज करा, मतदानाच्या भरवशावर राहायचं नाही हे लगेच कळेल.

दुसरं म्हणजे बजेट, नवीन कोर्स, वाढीव पदं यावर समिती फक्त शिफारस करते, मंजुरी संस्थेची. म्हणून सगळा खेळ कागदावर काय लिहिलं जातं याचा आहे.

समजा लायब्ररी रात्री 9 पर्यंत उघडी हवी. मीटिंगमध्ये उभं राहून बोलू नका, म्हणजे बोला, पण आधी नोटीस निघायच्या अगोदर प्राचार्यांकडे लेखी विषय द्या आणि आवक नंबर घ्या, नाहीतर तो 'ऐनवेळच्या विषयां'त जातो जिथे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. सोबत एकच पान, आत्ता वेळ काय, जादा माणूस कोण, खर्च किती, कुठल्या हेडखाली. खर्चाचा विषय असेल तर बजेटचा कच्चा तक्ता बनायच्या आधीच द्या, नंतर 'तरतूद नाही' एवढं एकच उत्तर येतं. अनुमोदक कोण ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, आणि स्थानिक सदस्यांपैकी कुणी तयार झालं तर उत्तमच, कारण ते बोलले की संस्थावाले ऐकतात, आपण बोललो की स्टाफची मागणी होते.

ठरावाची भाषा मात्र स्वतः लिहून न्या. 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' या वाक्यात मी चांगले चांगले विषय गाडले गेलेले पाहिलेत. कोणी करायचं, कुठल्या तारखेपासून, हे दोन्ही आलंच पाहिजे. 'चर्चा झाली' म्हणजे ठराव नाही हे पण लक्षात ठेवा.

पुढच्या मीटिंगचा पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे', तेव्हा सगळे चहात असतात, तुम्ही वाचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, कायम झाल्यावर कोणी हात लावत नाही.

वर्षातून किमान चार मीटिंगा कायद्यानेच बंधनकारक आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी 'मागच्या ठरावाचं काय झालं' हे विचारायला लाजू नका. शिवाय 30 जूनला संपणाऱ्या वर्षाचा कामाचा अहवाल समितीने संस्थेला आणि विद्यापीठाला द्यायचा असतो, त्यात आपला ठराव आलाय का बघा. इतिवृत्ताची प्रत मिळतच नसेल तर अनुदानित कॉलेजात 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण आधी एकदा ऑफिसात जाऊन गोडीत मागून बघा.