अमेरिकेत आरव्हीने फिरताना खर्च कसा आवरावा

हॉटेलचे भाडे वाचेल या हिशेबाने आपली बरीच मंडळी अमेरिकेत आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेली मुक्कामाची गाडी, घेऊन निघतात आणि दहा दिवसांत सहा राज्ये पाहण्याचा बेत आखतात. हॉटेलचे पैसे वाचतात खरे, पण ते पेट्रोल पंपावर जातात. क्लास सी प्रकारची, म्हणजे ट्रक किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची आरव्ही एका गॅलनमध्ये साधारण ८ ते १२ मैल जाते. म्हणजे ३०० मैलांच्या एका दिवसाला ३० गॅलन पेट्रोल सहज लागते. भाड्याच्या गाडीला तर बहुधा दर मैलामागे वेगळा आकार असतो आणि जनरेटरचे पैसेही अनेकदा तासावर लावतात. म्हणून बचतीचा विचार मैलांपासून सुरू करावा. एका जागी चार-पाच दिवस राहून तो परिसर नीट पाहावा आणि मगच मुक्काम हलवावा, असे मी अनेक हिवाळ्यांच्या अनुभवावरून आग्रहाने सांगेन.

वेग ताशी ६० ते ६५ मैलांच्या आत ठेवावा, कारण या गाड्यांचे तोंड भिंतीसारखे उभे असते आणि वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. पाण्याचे एक गॅलन ८.३ पौंड भरते. ४० गॅलनची टाकी भरून घेतली की ३३० पौंडांचे ओझे आपण उगाच वाहत असतो, तेव्हा पुढच्या मुक्कामी नळ असेल तर वाटेपुरतेच पाणी घ्यावे. ॲरिझोनातून इंटरस्टेट १० ने कॅलिफोर्नियात शिरणार असाल, तर पेट्रोलची टाकी सीमेच्या अलीकडे, क्वार्ट्झसाइट किंवा एहरनबर्गला भरून घ्यावी. पलीकडे पेट्रोल बरेच महाग आहे.

रात्रीच्या मुक्कामाचा खर्च सर्वांत जास्त कमी होतो तो सरकारी जमिनीवर. पश्चिमेकडच्या राज्यांत बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या केंद्रीय खात्याच्या ताब्यात अफाट मोकळी जमीन असून, तिच्या बऱ्याच भागात २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते. तिथे नळ, वीज, शौचालय यांपैकी काही नसते. पाणी भरून न्यावे लागते आणि सांडपाणी डम्प स्टेशनवरच, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या जागीच, सोडावे लागते. हिवाळाभर राहायचे असेल, तर क्वार्ट्झसाइटजवळचा ला पोसा हा दीर्घ मुक्कामासाठी राखलेला भाग पाहावा. तिथला हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा असतो, आणि संपूर्ण हंगामाचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर होते, म्हणजे दिवसाला एक डॉलरही पडत नसे. निघण्यापूर्वी चालू दर मात्र पाहून घ्यावा. खाजगी कॅम्पग्राउंडमध्ये महिन्याचा दर रोजच्या दराच्या मानाने पुष्कळ कमी असतो, पण त्यात वीज बहुधा धरलेली नसते, हे आधीच विचारावे. वॉलमार्टच्या आवारात एखादी रात्र काढायची झाल्यास व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी, कारण प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा असतो. परवानगी मिळाली तरी खुर्च्या बाहेर मांडू नयेत.

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलरला मिळतो, तर २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी तो २५० डॉलरचा झाला आहे. ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा पास मिळतो आणि अनेक सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये त्यावर निम्मी सवलत असते. आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांना तो मिळत नाही. पण त्यांच्याकडे ग्रीनकार्ड असेल, तर तो न घेणे म्हणजे दर रात्रीचे पैसे सोडून देणे होय.

स्वयंपाकघरात एकच नियम पाळावा: जिथे वीज भाड्यात धरलेली आहे, तिथे प्रोपेन, म्हणजे गाडीतल्या टाकीतला गॅस, जाळू नये. अनेक गाड्यांत फ्रिज आणि पाणी तापवण्याची टाकी विजेवरही चालते; हुकअप, म्हणजे मुक्कामाच्या जागेवरचे विजेचे कनेक्शन, जोडताच ती बटणे फिरवावीत आणि स्वयंपाक इंडक्शनवर करावा. उजाड माळावर असताना प्रेशर कुकरसारखा सोबती नाही. डाळ-तांदूळ तासभर भिजवून दोन शिट्ट्या झाल्या की शेगडी बंद करावी आणि कुकर जाड टॉवेलात गुंडाळून ठेवावा. अर्ध्या तासात खिचडी मऊ शिजलेली असते. खरकटी भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली की पाणीही निम्मेच लागते. कणीक, तूरडाळ, पोहे फिनिक्स किंवा लास वेगाससारख्या शहरातून भरून घ्यावेत, कारण उद्यानांतील दुकानांत भाव चढे असतात. प्रोपेनची २० पौंडांची टाकी बदलून घेतल्यास तिच्यात अनेकदा १५ पौंडच भरलेले असतात. त्यापेक्षा आपलीच टाकी गॅलनच्या भावाने भरून घेणे स्वस्त पडते.

एका बाबतीत मात्र कधीही काटकसर करू नये, ती म्हणजे छप्पर. आमच्या गाडीच्या छतावरील झरोक्याभोवतीच्या सीलंटला, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाला, केसाएवढी चीर गेलेली मी पाहिली होती, आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणून सोडून दिली. दोन रात्री पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी पलंगावरच्या छताला बोट लावले, तर प्लाय भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. त्या हंगामात माळावर राहून वाचवलेले सगळे पैसे त्या दुरुस्तीत गेले, आणि आठ दिवस गाडी वर्कशॉपमध्ये असल्याने राहिलो शेवटी हॉटेलातच. सीलंटची नळी काही डॉलरना मिळते. दर तीन महिन्यांनी शिडी लावून वर चढावे, झरोके, अँटेना आणि कडेच्या पट्ट्या यांच्याभोवती बोट फिरवून पाहावे, आणि चीर दिसली तर जागा पुसून, कोरडी करून त्याच दिवशी भरावी.