थेंब मोजा! सुगंधी तेले वापरताना या चुका टाळा

गेली बारा वर्षे मी फोंड्याला घरच्या घरी साबण, बाम आणि मालिशची तेले करते, बचत गटांतल्या बायकांना शिकवतेही. दर शिबिरात पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, नैसर्गिकच आहे ना, मग चार थेंब जास्त पडले तर काय होणार?" गोव्यातल्या माणसाला तरी हे सांगावे लागू नये. काजूची बी भाजताना कवचातले तेल हातावर उडाले की कातडी कशी सोलते, ते आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. ते तेलही झाडाचेच आहे.

दुकानात ज्याला इसेन्शियल ऑईल म्हणतात ते खोबरेलासारखे तेल नव्हे. पाने, फुले, साल, मुळे यांत जो उडून जाणारा वास असतो, तो बहुतेक वेळा वाफेने ओढून काढलेला असतो. ज्याने काजूच्या मोसमात फेणीची भट्टी पाहिली आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. खाली जाळ, भांड्यातून वाफ, ती थंड होऊन थेंब थेंब गळणार. फरक इतकाच की इथे गळलेल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो आणि तो वेगळा काढतात. लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड, ते तळाशी बसते. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. बाटलीतल्या एका थेंबामागे किती फुले गेली असतील त्याचा हिशेब करा.

अंदाजाने ओतणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. आमटीत मीठ अंदाजाने पडते, इथे ती सवय चालत नाही.

चार वर्षांपूर्वी शेजारची एक मुलगी माझ्याकडे शिकायला यायची. हुशार, पण घाईची. मे महिन्यात तिने स्वतःसाठी अंगाला लावायचे तेल करायला घेतले. 50 मिलिलिटर खोबरेल, त्यात लाईमचे तेल. मी सहा-सात थेंब सांगितले होते. तेवढ्याने वास येईना म्हणून मी आत गेल्यावर तिने तीसेक टाकले. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही हातांना चोळून, अकराच्या उन्हात, अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून ती स्कूटरने मडगावला गेली. त्या दिवशी काहीच झाले नाही. पुढच्या दिवशी हात लाल झाले, तिसऱ्या दिवशी फोड. त्वचेच्या डॉक्टरकडे न्यावे लागले. फोड बरे झाले, पण तपकिरी डाग गणपतीची चवथ येऊन गेली तरी हटले नव्हते. "मावशी, लिंबूच तर होते," एवढेच ती म्हणत होती.

लिंबूच होते, आणि तीच तर अडचण. साल दाबून काढलेल्या लाईम, लेमन आणि बर्गमॉट (हेही लिंबाच्याच जातीचे फळ) यांच्या तेलात फ्युरानोकूमारिन नावाची द्रव्ये असतात. ती कातडीवर असताना ऊन पडले की कातडी भाजते. तेच लाईमचे तेल वाफेने काढलेले असेल तर हा धोका नसतो. गोड संत्र्याच्या तेलातही नसतो. तिच्या बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड', म्हणजे साल दाबून काढलेले, असे लिहिलेले मी वाचले होते आणि उन्हाचे बोलायचे राहिले होते, ती चूक माझी. तेव्हापासून अंगावर राहणाऱ्या कुठल्याच तेलात मी सालीचे दाबून काढलेले लिंबू घालत नाही. साबणात घालते, तो धुऊन जातो. तरीही लावलेच, तर त्या जागेवर निदान 12 तास ऊन पडू देऊ नका. आमच्या किनाऱ्यावरच्या उन्हाशी खेळ नको.

आता मापाचे. 20 थेंब म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. 30 मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाचे तेल घ्या. त्यात चेहऱ्यासाठी 6 थेंब, अंगासाठी 12. लवंग, गवती चहा यांसारख्या तिखट तेलांचे 3 थेंब पुरेत, तेही चेहऱ्याला नाही. दालचिनीच्या सालीचे तेल मी कातडीसाठी वापरतच नाही. मोजताना कोणी हाक मारली की आकडा विसरतो, म्हणून मी प्रत्येक थेंबाला एक चिंचोका बाजूला ठेवते. मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून 24 तास थांबायचे. ज्यांना 24 तास थांबवत नाही त्यांनी दुसरा छंद शोधावा, असे मी शिबिरात स्पष्ट सांगते.

तेल नुसतेच, काही न मिसळता कातडीवर लावणारेही भेटतात. ते हमखास गॅटफोसेची गोष्ट काढतात. रेने-मॉरिस गॅटफोसे हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ. 1910 साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले, आणि पुढे 1937 मध्ये त्याच्या पुस्तकाने अॅरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द रूढ केला. लोक सांगतात की त्याने हात लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि तो लगेच बरा झाला. त्याने स्वतः लिहिले ते असे की जखमा चिघळून गँगरीन सुरू झाले होते, आणि तेव्हा त्याने त्या लॅव्हेंडरने धुतल्या. हातात गँगरीन झालेल्या माणसाचा उपाय पुटकुळीवर करू नये.

बाकीच्या चुका

बादलीत थेंब टाकून आंघोळ: तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगून नेमके नाजूक जागी चिकटते. आधी चमचाभर खोबरेलात मिसळा.

डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारे यंत्र) रात्रभर चालू: एसीची बंद खोली आणि दहा थेंब म्हणजे सकाळी डोके धरणारच. तीन-चार थेंब, अर्धा तास, एक खिडकी उघडी.

डासांवर सिट्रोनेलाचा (एका सुगंधी गवताच्या तेलाचा) भरवसा: तास-दोन तासांत उडून जाते. पावसाळ्यात डेंगीचे दिवस असताना मच्छरदाणी आणि साचलेले पाणी ओतणे, हेच खरे.

तान्ह्या बाळाच्या नाकापाशी निलगिरी, पुदिना किंवा कापूर: कधीच नको, आजीने सांगितले तरी नको. श्वास अडू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. मुलाने कुठलेही तेल प्यायले तर ओकारी काढायला लावू नका, तेल फुप्फुसात जाते. बाटली सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.

मांजराला टी ट्री (हे चहाचे नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाचे तेल): त्याच्या यकृताला ते पचत नाही, विषबाधा होते.

वासाने मन निवते, झोपेआधी बरे वाटते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यासाठी बीपीची गोळी बंद करणाऱ्या बाईला मी तेल विकत नाही.

जाईचे स्वस्त तेल

मागच्या वर्षी एक बाई बाटली घेऊन आल्या. 180 रुपये, वर ठळक 'शुद्ध जाई इसेन्शियल ऑईल'. आईला झोप लागावी म्हणून डिफ्यूझरमध्ये घालत होत्या, आणि आईचे डोके रोज दुखत होते. मी त्यांना विचारले, म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा बघितलीत ना? त्या कळ्या किती जपून आणतात, उन्हात तासभर ठेवल्या तरी कोमेजतात. असल्या फुलाला वाफेचा ताप सोसत नाही. म्हणून जाई-मोगऱ्याचा वास पूर्वी चरबीवर फुले पसरून धरत, आता द्रावकाने काढतात. त्याला अॅब्सोल्यूट म्हणतात आणि ते फार महाग असते. 180 रुपयांत मिळतो तो कारखान्यातला सेंट. कपाटात ठेवायला चालेल, पण त्याला औषध समजून आजारी माणसाच्या उशाशी लावू नये.

घेताना मी लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, काढायची पद्धत आणि बॅच नंबर बघते. नुसते 'लॅव्हेंडर' नको, 'लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया' हवे. एकाच दुकानात चंदन, गुलाब आणि पुदिना सारख्याच भावाला असतील तर मी तिथून निघते. घरी एक थेंब कागदावर टाकून बघते. पुदिना किंवा निलगिरीचा डाग काही तासांत उडून गेला पाहिजे. तेलकट राहिला तर भेसळ. वाळा आणि चंदन जाड असतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

ठेवायचे कसे? आपल्याकडच्या दमट उष्म्यात टी ट्री आणि लिंबूवर्गीय तेले लवकर बिघडतात, आणि बिघडलेले तेल कातडीला जास्त खाज आणते. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, फ्रिजचे दार. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीवर लावून ठेवू नका, रबर विरघळून तेलात उतरते. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. माझ्याकडे लिंबाची बाटली वर्षाची झाली की ती कातडीसाठी बाद, मग लादी पुसायच्या पाण्यात दोन-दोन थेंब घालून संपवते.