ब्रॉयलरच्या खाद्यात कोंडा, डीडीजीएस आणि एन्झाइम: या चुका टाळा

मका महागला की ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) पाळणाऱ्यांची नजर आधी राइस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) आणि डीडीजीएसकडे (धान्यातून इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा) वळते. त्यात गैर काहीच नाही. गणित बिघडतं ते किलोचा भाव आणि प्रथिनांची टक्केवारी एवढंच बघून मका-सोयाबीन कमी केल्यावर. मग वजन येत नाही आणि ते भरून काढायला एन्झाइम, जीवनसत्त्वं अशा पूरकांच्या पुड्यांवर पुड्या सुरू होतात.

मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं 26-28 टक्क्यांच्या आसपास असतात, पण लायसिन (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) मुळातच कमी. वाळवताना माल जास्त तापला तर उरलेलंही पक्ष्याला पचत नाही. मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरा. सोनेरी पिवळा आणि किंचित आंबूस वासाचा असेल तर ठीक. गडद तपकिरी, करपलेल्या वासाचा असेल तर परत पाठवा. मक्यातला स्टार्च आंबवून काढल्यावर बाकीचे घटक जवळपास तिप्पट होतात, आणि त्यात बुरशीची विषंही आली. ‘बाइंडर (विष धरून ठेवणारा पदार्थ) टाकलाय ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष चांगलं धरते, टी-2 सारख्या विषांवर मात्र तिचा फारसा उपयोग नाही.

राइस पॉलिशची अडचण वेगळी. गिरणीत तांदळावरून कोंडा निघाल्याक्षणी त्यातलं तेल बिघडू लागतं, म्हणून स्वस्त मिळालं तरी साठा करू नये. खवट वास आला की ते ब्रॉयलरला घालूच नका. चमचाभर पॉलिश पाण्यात टाकून पाहा, वर तूस तरंगलं तर भेसळ आहे. तेल काढलेला कोंडा खवट होत नाही, पण त्याला पॉलिशइतकी ऊर्जा धरणं ही नेहमीची चूक.

एन्झाइमचा हिशोब दोनदा धरला जातो. फायटेज (धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारं) आणि झायलनेज (तंतू फोडणारं) या दोन्ही एन्झाइमच्या पत्रकांवर ऊर्जेचा फायदा छापलेला असतो. तो सरळ बेरजेने धरला की खाद्यात प्रत्यक्षात ऊर्जा कमी पडते. कॅल्शियम जास्त झालं तरी फायटेज थंडावतं. पक्षी लंगडायला लागले तर नवी पुडी आणण्याआधी शिंपल्याचं किंवा चुनखडीचं प्रमाण तपासा. खाद्याच्या पेलेट (वाफेवर दाबून केलेल्या गोळ्या) करत असाल तर उष्णता सोसणारं एन्झाइमच घ्या.

टनाला 500 ग्रॅमची पुडी थेट मिक्सरमध्ये ओतू नका. आधी 10-20 किलो मका भरड्यात कालवा. कोलीन क्लोराइड ओलावा ओढून घेतं आणि सोबतच्या जीवनसत्त्वांचं नुकसान करतं, म्हणून ते प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण) मिसळून ठेवू नये.

लिटर (शेडमधली भुशाची गादी) ओलं झालं की लगेच अँटिबायोटिककडे धावणारे बरेच. आधी मीठ बघा. डीडीजीएसमधून सोडियम येतं आणि ते लॉटनुसार बदलतं. मग कोंडा किती वाढवला ते आठवा. पहिले दहा दिवस तरी पिल्लांना कोंडा आणि डीडीजीएस नकोच, पुढे थोडं थोडं वाढवा.

एक चूक मात्र थेट मरतुकीवर जाते: खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (कॉक्सिडिओसिस रोखणारी औषधं) असताना पाण्यातून टियाम्युलिन हे अँटिबायोटिक देणं. पक्ष्यांचे पाय लुळे पडतात. औषध सुरू करण्याआधी पशुवैद्यकाला खाद्याचं लेबल दाखवा.