भाषण करताना या चुका टाळा (पाठांतर तर आजच सोडा)

गेली बरीच वर्षं लोकांची भाषणं बसवून देतेय. निरोप समारंभ असो, ऑफिसमधलं प्रेझेंटेशन असो नाहीतर वक्तृत्व स्पर्धा, माणसं बदलतात पण चुका त्याच त्याच. आता तर समोरच्याने कागद पुढे केला की पहिल्या दोन ओळीतच कळतं पुढे काय होणार आहे ते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

सगळ्यात मोठी चूक आधी घेते आणि हिच्यावरच जास्त बोलणार आहे. ती म्हणजे भाषण निबंधासारखं लिहायचं आणि मग शब्दन् शब्द पाठ करायचं. या दोन गोष्टी जोडीनेच येतात, कारण निबंधाची भाषा कोणाच्याच तोंडात सहज बसत नाही, मग ती घोकावीच लागते.

एक मुलगा आला होता माझ्याकडे, रक्तदानावर दहा मिनिटं बोलायचं होतं, कार्यक्रम दोन दिवसांवर आणि हातात सहा पानं. पहिलंच वाक्य, ‘मानवी जीवनात रक्तदानाचे महत्त्व अनन्यसाधारण असून ते सर्वश्रेष्ठ दान मानले जाते.’ मी म्हटलं, अरे तू स्वतः कधी रक्त दिलंयस का? तर म्हणाला, हो, चार वेळा. मग ते कुठाय यात? तर म्हणे, ‘ताई, भाषणात असलं साधं बरं दिसत नाही.’ मी सांगितलं, निदान एकदा मोठ्याने वाचून बघ, जिथे दम लागेल तिथे वाक्य तोड. तेवढाही वेळ नव्हता त्याला. पाठ मात्र चोख करून आला.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सुरुवात झकास झाली. तिसऱ्या मिनिटाला मागे कोणाची तरी खुर्ची धाडकन पडली, सगळ्यांनी वळून बघितलं, त्यानेही बघितलं, आणि पुढचा शब्द गेला. त्याने आधीचं वाक्य परत म्हटलं, मग त्याच्याही आधीचं, पाढे म्हणताना अडलो की आपण कसं परत सतरा एकेपासून येतो ना तसं, पण दोनदा येऊनही बरोबर त्याच जागी अडला. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, बाकी सगळा पुतळा. वीस-पंचवीस सेकंद झाले असतील, मग ‘धन्यवाद’ म्हणून खाली उतरला. चार वेळा रक्त दिलेल्या माणसाला रक्तदानावर बोलायला शब्द सापडू नयेत याचं मला आजही वाईट वाटतं. सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं की, त्या सहा पानांत त्याने ते येऊच दिलं नव्हतं.

आणि हे फक्त नवख्यांचंच होतं असं नाही. १९०४ साली विन्स्टन चर्चिल ब्रिटिश संसदेत असंच पाठ करून बोलायला उभे राहिले होते, मध्येच धागा तुटला, काही केल्या पुढचं आठवेना, शेवटी ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचे आभार मानून खाली बसले. त्यानंतर महत्त्वाच्या भाषणाला ते हातात टिपणं ठेवूनच उभे राहायचे. चर्चिलना कागद चालतो तर आपल्याला लाज कसली वाटते?

माझी स्वतःची पद्धत सांगते. पोस्टकार्डाएवढं एक कार्ड, त्यावर पाच-सहा शब्द, वाक्यं अजिबात नाहीत. त्या मुलाच्या कार्डावर ‘सुई’, ‘दहा मिनिटं’, ‘रात्रीचा फोन’ एवढं पुरलं असतं. पाठ करायचं ते पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, बस्स. मधलं सगळं घरात फेऱ्या मारत मोठ्याने बोलायचं, सहा-सात वेळा तरी, आणि दर वेळी शब्द थोडे वेगळे आले पाहिजेत. तेच ते शब्द यायला लागले की समजायचं पाठांतर मागच्या दाराने आत आलं, मग मी मुद्दाम क्रम बदलते, तिसरा मुद्दा आधी घेऊन बघते. लिहायचंच असेल तर आधी फोनवर रेकॉर्ड करा आणि ते ऐकून उतरवा. आधी तोंड, मग कागद. उलटं केलंत की ‘असून’, ‘मानले जाते’, ‘अनन्यसाधारण’ हे सगळे पाहुणे घरात येऊन बसतात.

दुसरी चूक बरोब्बर याच्या उलट, ‘स्टेजवर गेलो की सुचेल’. ही मंडळी मला जास्त थकवतात, कारण त्यांच्याकडे उदाहरणं तयार असतात. म्हणे मार्टिन ल्युथर किंगने कागद बाजूला ठेवला आणि मनातून बोलला. हो, २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये, त्यांच्या त्या गाजलेल्या ‘आय हॅव अ ड्रीम’ (माझं एक स्वप्न आहे) भाषणात, त्यांनी लिहिलेला मजकूर खरंच सोडला, शेजारून गायिका महालिया जॅक्सन यांनी स्वप्नाबद्दल सांगा असा आवाजही दिला होता. पण तो स्वप्नाचा भाग त्या क्षणी आकाशातून पडला नव्हता. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये आणि नंतर १९६३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटला, म्हणजे दोनच महिने आधी, तो त्यांनी लोकांसमोर बोलून झाला होता. तो त्यांच्या तोंडात बसलेला होता म्हणून कागद सोडता आला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं गेटिसबर्ग गावातलं प्रसिद्ध छोटं भाषणही ट्रेनमध्ये पाकिटाच्या मागे खरडलेलं होतं असं सांगतात, ती दंतकथा आहे, त्यांनी मसुदा वॉशिंग्टनमध्येच लिहायला घेतला होता. ऐनवेळी सुचतं ते आधी मुरलेलं असतं म्हणून सुचतं. ज्याने काहीच मुरवलं नाही त्याला स्टेजवर फक्त घाम सुचतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी ‘बघू ऐनवेळी’ म्हटलं की मी तयारी करून घ्यायला सरळ नाही म्हणते.

याच घाईचा आणखी एक प्रकार म्हणजे ‘हावभावांचे ट्रिक्स सांगा’. कोणीतरी यांना सांगितलेलं असतं की शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलेत आणि ते प्रयोग भाषणाबद्दल नव्हतेच. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे सुट्या शब्दांवरून, आवाजाच्या सुरावरून आणि चेहऱ्याच्या फोटोंवरून लोक कसं ओळखतात एवढ्यापुरते ते होते, आणि हे आकडे सरसकट सगळ्या बोलण्याला लावू नका असं खुद्द त्यांनीच सांगितलंय. तरी लोक हात कुठे ठेवायचे हे शिकायला आठवडा घालवतात आणि सांगायचं काय याला अर्धा तास. तुमच्याकडे सांगायला खरं काही असेल ना, तर हात आपोआप हलतात.

मग येते कोंबाकोंबी. विषय पर्यावरण, आणि आठ मिनिटांत प्लास्टिक, पाणी, जंगलं, वाघ, ओझोन, सगळं. ऐकणारा पान मागे उलटून बघू शकत नाही हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. एकदा निसटलं की निसटलं, म्हणून कानाला एकच गोष्ट द्यायची आणि तीच तीन बाजूंनी दाखवायची. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गला मुख्य वक्ते लिंकन नव्हतेच, एडवर्ड एव्हरेट होते, ते जवळजवळ दोन तास बोलले आणि नंतर लिंकन जेमतेम पावणेतीनशे शब्द. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत जिथे पोचलात त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोचलो असेन तर मला आनंदच वाटेल. मी मात्र प्रत्येकाला बोलायच्या आधी एक प्रश्न विचारते, घरी जाताना कोणी विचारलं की काय म्हणाला रे तो, तर त्या माणसाने एका वाक्यात काय सांगावं? हे वाक्य जमेपर्यंत मी पुढे जाऊ देत नाही, रडकुंडीला आले तरी.

वेळेचं गणित पण इथेच लावून घ्या. माझ्या बोलण्याच्या वेगाने मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, तुमचे तुम्ही घड्याळ लावून मोजा, आणि दहा मिनिटं दिली असतील तर आठ मिनिटांचंच तयार करा. उरलेली दोन मिनिटं लोकांचं हसणं, टाळ्या आणि तुमचं थांबणं खाऊन टाकतं. वेळ संपत आली म्हणून वेग वाढवणं हा तर गुन्हाच आहे, त्यापेक्षा एक अख्खा मुद्दा गाळा, कोणाला कळत पण नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगते. ‘मला फारसं बोलता येत नाही’ अशी सुरुवात नको, लोकांनी अजून ठरवलेलं नसतं, तुम्ही कशाला ठरवून देताय. पहिली दोन मिनिटं आभार आणि नावांत घालवू नका, लोकांचं लक्ष पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात ताजं असतं. माइकवर ठकठक करू नका, फुंकर मारू नका, आधी जाऊन एक वाक्य बोलून बघा आणि स्पीकरच्या समोर माइक घेऊन उभे राहू नका, शिट्टी तिथूनच येते. स्लाइडवरचं वाचून दाखवायचं असेल तर मेल करा की. उसने विनोद नकोत. सगळ्या सभागृहावरून नजर पंख्यासारखी फिरवू नका, एक वाक्य एका माणसाकडे बघून पूर्ण करा आणि मग दुसऱ्याकडे जा.

आणि शेवट. ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हटल्यावर खरंच शेवट करा हो. हे म्हणून पुढे पाच मिनिटं बोलणारे लोक बघितले की मला ऐकणाऱ्यांची मनापासून कीव येते. शेवटचं वाक्य पाठ असतं ना, ते म्हणा, दोन सेकंद तिथेच उभे राहा, मग निघा.

तो रक्तदानवाला मुलगा वर्षभराने परत आला, या वेळी तीन आठवडे आधी. कार्ड केलं, फेऱ्या मारल्या, कंटाळला, तरी केलं. उभा राहिला आणि म्हणाला, ‘पहिल्यांदा सुई टोचली तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, उघडले तेव्हा नर्स विचारत होती, झोप लागली का?’ सभागृह हसलं. मध्ये माइक बंद पडला, तो थांबला, कार्डाकडे एकदा बघितलं आणि माइक आल्यावर ‘रात्रीचा फोन’पासून पुढे गेला. कार्यक्रम झाल्यावर दोघं-तिघं त्याला बाजूला घेऊन विचारत होते की सुई खरंच किती दुखते.