टायमिंग अडकलंय? राउंड वाढवण्याआधी या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही मैदानावर पहाटे पाचला जा. पोलीस भरतीची पोरं-पोरी राउंड मारताना दिसतात. पहिले दोन महिने १६०० मीटरचं टायमिंग भराभर उतरतं आणि मग एका जागी अडकतं. अडकलं की पोरं आणखी दोन राउंड वाढवतात. पहिली चूक हीच. माझ्याकडे असा कुणी आला की मी आधी विचारतो, रात्री झोपलास किती वाजता? अभ्यासिकेतून अकराला खोलीवर, मग जेवण, मग मोबाईल, आणि साडेचारचा गजर. हिशोब केला तर झोप जेमतेम चार तास.

पळताना ताकद वाढत नाही, उलट स्नायूंचे तंतू झिजतात, स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं इंधन, संपतं. डागडुजी होते ती नंतर. वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त स्रवतं ते गाढ झोपेत. अठराच्या आतल्यांना रोज ८ ते १० तास झोप हवी, त्यापुढच्यांना निदान ७. पहाटेचं मैदान सोडायचं नसेल तर साडेनऊला अंथरुणावर पडा आणि राहिलेला अभ्यास दुपारी उरका. दुपारची वीस-तीस मिनिटांची डुलकी चांगलीच, पण तिने रात्रीची झोप भरून निघत नाही. रात्री नऊचा चहाही बंद करा; त्यातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनंतरही अंगात असतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत झोप लागणं अवघडच. अंग थंड झाल्याशिवाय डोळा लागत नाही. झोपण्याआधी अंघोळ करा, गच्चीवर पाणी मारून मच्छरदाणीत झोपा.

रविवारी सुट्टी म्हणून गावाकडं जाऊन दिवसभर सोयाबीन काढलं, तर ती विश्रांती नव्हे. घरचं काम चुकत नाही, मान्य आहे. मग सोमवारी नुसतं चाला.

सकाळी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील, तर त्या दिवशी जोराचं पळणं नको.

नडगी दुखते म्हणून गोळी खाऊन पळणारे बरेच आहेत. हे फार धोक्याचं आहे. हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेली असेल तर ती भरायला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तसंच पळत राहिलं तर त्याहून जास्त.